‘एआय ७८ टक्के’ म्हणजे नेमके काय?

प्रकल्प अहवाल जमा करण्याचे दिवस आले की सोलापुरातील महाविद्यालयांच्या आसपासची झेरॉक्स आणि टायपिंगची दुकाने रात्री उशिरापर्यंत उघडी असतात. टायपिंग, स्पायरल, काळ्या कव्हरवर सोनेरी अक्षरांतले बाइंडिंग या नेहमीच्या कामांत गेल्या दोन-तीन वर्षांत ‘एआय रिपोर्ट’ काढून देण्याची भर पडली आहे. विद्यार्थी पेन ड्राइव्ह देतो, दुकानदार फाइल कुठल्या तरी संकेतस्थळावर चढवतो आणि पाच मिनिटांत पडद्यावर अहवाल किती टक्के एआयने, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्तेने, लिहिलेला आहे असे सांगणारा एक आकडा उमटतो. आकडा मोठा आला की तो कमी करून देण्याचा दर निराळा असतो. ज्याने अहवाल खरोखर स्वतः लिहिला आहे, तोही हा दर मुकाट्याने मोजतो, कारण मार्गदर्शकापुढे त्या आकड्याशी वाद घालता येत नाही असे त्याला वाटते.

वाद घालता येतो, आणि घालायलाही हवा. त्यासाठी हा आकडा येतो कुठून आणि तो कशाचे मोजमाप आहे, हे आधी समजून घ्यावे लागेल.

प्रथम एक नेहमीचा गोंधळ दूर करू. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याबाबत नियम केले. त्यांनुसार प्रबंधातील साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, १० ते ४० टक्क्यांपर्यंत असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचे, ४० ते ६० टक्क्यांपर्यंत असेल तर एक वर्ष सादर करता येणार नाही आणि त्याहून अधिक असेल तर नोंदणी रद्द. हे टक्के साम्याचे आहेत. एखादा परिच्छेद दुसऱ्या प्रसिद्ध मजकुराशी शब्दशः जुळतो, तेव्हा सॉफ्टवेअर मूळ मजकूरही शेजारी दाखवते. दोन्ही समोर ठेवून कोणालाही पडताळणी करता येते, आणि अवतरणचिन्हातला उतारा चुकून मोजला गेला असेल तर तो वगळता येतो. एआयच्या टक्क्यांना असा शेजारी दाखवता येईल असा मूळ मजकूरच नसतो. तिथे पुरावा म्हणून फक्त सॉफ्टवेअरचे मत असते. असे असूनही ‘१० टक्क्यांच्या आत आणा’ ही साम्यासाठीची अट एआयच्या आकड्यालाही सर्रास लावली जाते. २०१८ साली ते नियम झाले तेव्हा चॅटजीपीटी अस्तित्वातही नव्हते. ते नोव्हेंबर २०२२ मध्ये आले.

आता आकडा कसा निघतो ते पाहू. चॅटजीपीटीसारखे भाषा-मॉडेल मजकूर तयार करते तेव्हा ते प्रत्येक टप्प्यावर आधीचे शब्द पाहून पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता किती, याचा हिशेब करते आणि बहुधा अधिक शक्यतेच्या शब्दांतून एक निवडते. ‘सोलापूरचे ग्रामदैवत श्री’ एवढे लिहिले की पुढे ‘सिद्धेश्वर’ येणार हे आपण सांगू शकतो, आणि मॉडेलही सांगू शकते. ‘आजीच्या पेटीतल्या चादरीला अजून’ यापुढे काय येईल हे मात्र सांगता येत नाही. डांबरगोळ्यांचा वास येईल, उंदरांनी कुरतडल्याची खूण असेल किंवा दुकानाची चिठ्ठी चिकटलेली असेल. पुढचा शब्द किती अनपेक्षित आहे याच्या सरासरी मापाला पर्प्लेक्सिटी म्हणतात. ओळखणारे सॉफ्टवेअर तुमचा मजकूर एखाद्या भाषा-मॉडेलपुढे ठेवून विचारते, की हे शब्द तुला किती अपेक्षित होते? फारच अपेक्षित असतील, तर ते मजकूर यंत्राचा असल्याचा कौल देते. प्रिन्स्टन विद्यापीठात शिकणाऱ्या एडवर्ड टियान या विद्यार्थ्याने जानेवारी २०२३ मध्ये आणलेल्या जीपीटीझिरोने या मापासोबत बर्स्टिनेस हे दुसरे मापही वापरले. माणसाच्या लेखनात एक वाक्य लांबलचक आणि पुढचे दोनच शब्दांचे असा चढउतार असतो, यंत्राचे लेखन मात्र एकाच चालीने चालते, असे त्यामागचे गृहीतक होते.

दुसरी पद्धत उदाहरणांवरून शिकवण्याची आहे. माणसांनी लिहिलेले आणि मॉडेलने लिहिलेले हजारो मजकूर सॉफ्टवेअरला दाखवले जातात, आणि त्यांतील बारीकसारीक फरक ते स्वतःच शोधते. आजची बरीच व्यावसायिक साधने याच मार्गाने चालतात आणि केवळ पर्प्लेक्सिटी मोजणाऱ्या साधनांपेक्षा ती सरस आहेत, हे मान्य केले पाहिजे. पण दोन्ही पद्धतींत सॉफ्टवेअरला लेखनाची प्रक्रिया दिसत नाही. कळफलकावर कोणाची बोटे होती हे त्याला माहीत नसते. हाती आलेला मजकूर कोणत्या नमुन्यासारखा दिसतो, एवढेच ते सांगते. ‘यंत्राच्या लेखनासारखे दिसते’ आणि ‘यंत्राने लिहिले’ ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि या विषयातील जवळजवळ सगळे अन्याय पहिल्याला दुसरे समजल्यामुळे होतात.

माणसाचे कोणते लेखन यंत्रासारखे दिसते? आपल्याकडचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे सरकारी अर्ज. ‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंती अर्ज सादर करतो की, मी वरील पत्त्यावर कायमचा रहिवासी असून’ हे वाक्य सोलापूरच्या तहसील कार्यालयाबाहेरच्या अर्जलेखकाने संगणकाचा जन्म होण्यापूर्वीपासून लिहिले आहे. त्यातला प्रत्येक शब्द आधीच्या शब्दावरून ओळखता येतो; अर्जात अनपेक्षित काही असू नये हाच अर्जाचा गुण असतो. करारपत्रे, कायद्याची कलमे, प्रयोगाची कृती, संशोधनातील ‘उद्दिष्टे व गृहीतके’ हे सगळे याच जातीचे लेखन आहे. अमेरिकेची राज्यघटना १७८७ सालची आहे. ती २०२३ मध्ये अशा साधनांना दिली असता ती एआयने लिहिल्याचा निकाल आला आणि त्याची बरीच चेष्टा झाली. त्यामागचे कारण साधे होते. तो मजकूर मॉडेलच्या प्रशिक्षणात असंख्य वेळा येऊन गेलेला असल्याने त्यातला प्रत्येक शब्द मॉडेलला पाठ होता, आणि पाठ असलेल्या मजकुरात अनपेक्षित काय असणार?

अलीकडेच एका वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याचा इंग्रजीतला अहवाल त्याच्या संमतीने मला वाचायला मिळाला. विषय सोलापुरातील टॉवेल उद्योग, आणि विद्यार्थी पूर्व भागातला. घरी तेलुगू, शाळा मराठी माध्यमाची, वडील यंत्रमागावर. सॉफ्टवेअरने त्याच्या प्रस्तावनेचे जवळजवळ सगळे पान एआयचे म्हणून रंगवून टाकले होते. त्यातले पहिलेच वाक्य होते, ‘टेक्स्टाइल इंडस्ट्री प्लेज अ व्हायटल रोल इन द इकॉनॉमी ऑफ सोलापूर’. मागच्या पानांवर मात्र रंग नव्हता. तिथे त्याने बीम, म्हणजे ताण्याचे सूत गुंडाळलेला रूळ, संपला की नवा बीम जोडेपर्यंत मजुरी बंद कशी असते, माग बिघडल्यावर तो दुरुस्त करणाऱ्या जॉबरची वाट पाहण्यात दिवस कसा जातो आणि आईच्या विड्यांच्या पैशांवर तो आठवडा कसा निघतो, हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत लिहिले होते. रंगवलेले पान त्याने कुठून आणले असे विचारले तर उत्तर सोपे आहे. दहावीपासून निबंधांच्या गाईडमध्ये त्याने ‘प्लेज अ व्हायटल रोल’ वाचले, घोकले आणि त्यावर गुण मिळवले. चॅटजीपीटीलाही हाच शब्दप्रयोग फार प्रिय आहे, कारण त्याच्याही प्रशिक्षणात असे साचेबंद लेखन खच्चून भरलेले आहे. त्यामुळे हा मुलगा यंत्राची नक्कल करत होता असे म्हणायचे की दोघेही एकाच गाईडचे विद्यार्थी आहेत असे म्हणायचे, हे त्या रंगवलेल्या पानावरून ठरत नाही.

हे एकट्यादुकट्याचे दुर्दैव नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये ‘पॅटर्न्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांनी टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी लिहिलेले ९१ निबंध त्यांनी सात साधनांना दिले. सगळे निबंध माणसांनीच लिहिलेले होते. तरी सात साधनांनी मिळून सरासरी ६१.३ टक्के निबंधांना एआयचे ठरवले. ९१ पैकी ८९ निबंध निदान एका तरी साधनाच्या कचाट्यात सापडले, आणि १८ निबंधांबाबत तर सातही साधनांचे एकमत झाले. अमेरिकेतील आठवीच्या विद्यार्थ्यांचे निबंध याच साधनांनी जवळजवळ अचूकपणे माणसांचे म्हणून ओळखले. परक्या भाषेत लिहिणाऱ्याचा शब्दसंग्रह मर्यादित असतो, वाक्यरचना सुरक्षित असते, म्हणून त्याचे लेखन अधिक अपेक्षित वाटते; दोष त्याच्या प्रामाणिकपणात नसतो.

याच अभ्यासातला पुढचा प्रयोग मला अधिक बोलका वाटतो. संशोधकांनी तेच टोफेल निबंध चॅटजीपीटीला देऊन शब्दांची निवड मातृभाषिकासारखी करायला सांगितली. त्यानंतर एआयचे ठरवले जाण्याचे प्रमाण ६१.३ वरून ११.६ टक्क्यांवर आले. म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः लिहिले तेव्हा साधनांनी ते यंत्राचे मानले, आणि यंत्राने त्यावर हात फिरवल्यावर ते माणसाचे मानले! सोलापुरात हा निष्कर्ष दूरचा म्हणून सोडून देण्यासारखा नाही. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये या एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले. पण या एका जिल्ह्यात पूर्व भागातले तेलुगू, अक्कलकोटकडचे कन्नड, शहरातले उर्दू आणि सर्वत्रचे मराठी बोलणारे विद्यार्थी आहेत. इंग्रजी बहुतेकांची दुसरी नव्हे तर तिसरी भाषा आहे. टोफेलचे ते निबंध लिहिणाऱ्यांचे इंग्रजी परदेशात शिकायला जाण्याच्या तयारीचे होते. आपल्या मुलांचे तेवढेही तयारीचे नसते. तो अभ्यास २०२३ चा आहे आणि त्यानंतर काही साधने सुधारली आहेत, हे खरे. पण दुकानातल्या फुकट संकेतस्थळामागे कोणते साधन आहे आणि ते केव्हाचे आहे, हे दुकानदारालाही ठाऊक नसते.

साधने बनवणाऱ्यांनी स्वतः काय सांगितले आहे, तेही पाहण्यासारखे आहे. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये आपले स्वतःचे ओळखयंत्र खुले केले. कंपनीनेच दिलेल्या आकड्यांनुसार ते एआयने लिहिलेल्या मजकुरांपैकी २६ टक्केच बरोबर ओळखत होते आणि माणसाने लिहिलेल्यांपैकी ९ टक्क्यांवर चुकून एआयचा शिक्का मारत होते. अचूकता कमी असल्याचे कारण देऊन कंपनीने त्याच वर्षी जुलैमध्ये ते बंद केले. जगभरच्या विद्यापीठांत मोठ्या प्रमाणावर वापरल्या जाणाऱ्या टर्निटिन या साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने एप्रिल २०२३ मध्ये ही सोय सुरू केली आणि चुकीच्या आरोपाचे प्रमाण १ टक्क्यापेक्षा कमी असल्याचा दावा केला. त्याच टर्निटिनच्या अहवालात २० टक्क्यांखालचा आकडा आता दाखवलाच जात नाही, नुसती चांदणी येते, कारण त्या टप्प्यात चुका अधिक होतात. आणि केवळ या आकड्यावरून विद्यार्थ्यावर कारवाई करू नये, असेही टर्निटिनची कंपनी सांगते. ही सूचना महाविद्यालयांत कितीजण वाचतात, हा प्रश्न वेगळा.

‘१ टक्का’ हे ऐकायला किरकोळ वाटते. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने ऑगस्ट २०२३ मध्ये टर्निटिनची ही सोय बंद केली तेव्हा त्यांनी साधा हिशेब मांडला होता. २०२२ मध्ये त्यांच्याकडे टर्निटिनमधून ७५,००० लेखने तपासली गेली. १ टक्का चूक धरली तर ७५० लेखनांवर खोटा आरोप आला असता.

हा हिशेब जरा पुढे नेऊ, कारण चुकीच्या आरोपाचे प्रमाण आणि ‘पकडलेल्यांत निर्दोष किती’ हे प्रमाण एकच समजण्याची चूक सुशिक्षित लोकही करतात. समजा १,००० अहवाल जमा झाले आणि त्यांतले १०० एआयने लिहिलेले आहेत. ओपनएआयच्या त्या जुन्या साधनाचे आकडे वापरले तर १०० पैकी २६ पकडले जातील, आणि उरलेल्या ९०० प्रामाणिक विद्यार्थ्यांपैकी ८१ जणही पकडले जातील. एकूण १०७ जण उभे केले, त्यांत निर्दोष ८१. आता पुष्कळ चांगले साधन कल्पू या. ते १०० पैकी ८५ पकडते आणि प्रामाणिकांपैकी फक्त २ टक्क्यांवर चुकून आरोप करते. तरी ८५ दोषींसोबत १८ निर्दोष उभे राहतील. आणि समजा त्या वर्गातली मुले एकंदरीत प्रामाणिकच निघाली, १,००० पैकी २० जणांनीच एआय वापरले, तर हेच चांगले साधन १७ दोषींना आणि सुमारे २० निर्दोषांना पकडेल. साधन तेच, अचूकता तीच. पण पकडलेल्यांत निम्म्याहून अधिक निरपराध. म्हणजे वर्ग जितका प्रामाणिक, तितका पकडलेल्यावरचा आरोप खोटा असण्याचा संभव मोठा. साधनाच्या जाहिरातीत ‘९८ टक्के अचूक’ असे वाचले, तर त्यावरून समोरच्या विद्यार्थ्याने नक्कल केल्याची शक्यता ९८ टक्के आहे असे मुळीच ठरत नाही.

यात आणखी एक गोष्ट मिळवावी लागते. पदवीच्या तीन वर्षांत एखाद्याची ४० लेखने तपासली गेली आणि दर वेळी चुकीची शक्यता १ टक्का असली, तर एकदा तरी खोटा आरोप येण्याची शक्यता सुमारे ३३ टक्के होते. प्रत्यक्षात चुका अशा समप्रमाणात वाटल्या जात नाहीत. ज्याची शैली साचेबंद आहे त्याच्यावर त्या पुन्हा पुन्हा कोसळतात, आणि मग ‘याच्यावर तर मागेही आला होता’ असे म्हणून दुसऱ्या चुकीला पहिल्या चुकीचाच आधार दिला जातो.

टक्केवारीच्या अर्थाबाबतही साधनांत एकवाक्यता नाही. टर्निटिनमध्ये ‘७८ टक्के’ म्हणजे तपासलेल्या मजकुराचा ७८ टक्के भाग एआयचा असावा, असे त्या साधनाचे मत. काही साधनांत तोच आकडा संपूर्ण मजकूर एआयचा असण्याची शक्यता म्हणून दिला जातो. तिसरीकडे तो केवळ साधनाचा स्वतःवरचा भरवसा असतो. तीन संकेतस्थळांवर एकच फाइल घालून १२, ५५ आणि ९१ असे आकडे आले, तर त्यांची सरासरी काढण्याला काहीच अर्थ नाही, कारण ती तीन वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत.

एकीकडे निर्दोष अडकतात, तर दुसरीकडे खरोखर नक्कल करणारा सहज सुटतो. मुख्यतः युरोपातील प्राध्यापकांच्या एका गटाने १४ साधने तपासून २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. एकाचीही अचूकता ८० टक्क्यांपर्यंत पोहोचली नाही, आणि एआयचा मजकूर शब्द बदलून किंवा भाषांतराच्या वाटेने आणल्यावर तर ती आणखी घसरली. मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी त्याच वर्षी दाखवले की दुसऱ्या सॉफ्टवेअरकडून तोच मजकूर निराळ्या शब्दांत मांडून घेतला की ओळखयंत्रे चकतात. त्यांनी एक सैद्धांतिक मुद्दाही मांडला: मॉडेलचे लेखन माणसाच्या लेखनाच्या जितके जवळ जाईल, तितकी उत्तमात उत्तम ओळखयंत्राचीही मर्यादा छापा-काट्याकडे सरकेल. मजकूर पुरेसा लांब असेल तर आशा उरते, असे उत्तर इतर संशोधकांनी दिले आहे, आणि तो वाद मिटलेला नाही. दुकानांत ‘ह्युमनायझर’ या नावाने जे मिळते ते हेच शब्द बदलणारे सॉफ्टवेअर असते. पैसे मोजणारा सुटतो, आणि स्वतः लिहून गप्प बसणारा अडकतो. प्रामाणिक विद्यार्थीही घाबरून आपल्या चांगल्या वाक्यांची त्या यंत्रातून मोडतोड करून घेऊ लागला आहे, ही या सगळ्यातली मला सर्वांत वाईट वाटणारी गोष्ट आहे.

मराठीतल्या लेखनाचे काय? मराठी विभागातही आता हे अहवाल मागितले जाऊ लागले आहेत, म्हणून या प्रश्नाकडे जरा थांबून पाहायला हवे. बहुतेक साधने प्रामुख्याने इंग्रजीवर घडवलेली आणि पारखलेली आहेत. ओपनएआयने आपले साधन फक्त इंग्रजीसाठी वापरावे असे स्पष्ट म्हटले होते. मराठी विकिपीडियावरील लेख एका लाखाच्या आसपास आहेत, तर इंग्रजीतले सत्तर लाखांच्या. शिकण्यासाठी मिळणाऱ्या मजकुरातली तफावत यावरून लक्षात यावी. लिपीचीही अडचण आहे. संगणकात इंग्रजी अक्षर साठवायला एक बाइट लागतो, तर देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन. ‘क्ष’ हे आपल्याला एक अक्षर दिसते. संगणकाला ती तीन चिन्हे आणि नऊ बाइट. परिणामी अनेक मॉडेल्स मराठी शब्द अख्खा न घेता त्याचे बारीक तुकडे करून वाचतात. शब्दाचे पहिले दोन तुकडे आले की उरलेले तुकडे जवळजवळ ठरलेले असतात, त्यामुळे तुकड्यामागे मोजलेला अनपेक्षितपणा कमी भरतो. याउलट एखाद्या मॉडेलला मराठीच नीट येत नसेल, तर त्याला सगळेच अनपेक्षित वाटते आणि यंत्राचा मजकूरही माणसाचा ठरतो. इंग्रजीसाठी ठरवलेली सीमारेषा मराठीला लावली तर चूक कोणत्या बाजूला होईल, हेसुद्धा आधी सांगता येत नाही. अशा साधनाने काढलेला मराठी प्रबंधाचा आकडा विचारात न घेणेच योग्य.

मजकूर तयार होतानाच त्यात खूण पेरायची, ही वेगळी वाट आहे. मॉडेल शब्द निवडताना एका गुप्त नियमानुसार काही शब्दांना किंचित झुकते माप देते. वाचणाऱ्याला काही जाणवत नाही, पण नियम ठाऊक असलेले सॉफ्टवेअर लांब मजकुरात तो कल मोजू शकते. गूगल डीपमाइंडने सिंथआयडी नावाची अशी पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात मांडली, आणि जेमिनी या गूगलच्या चॅटबॉटच्या सुमारे २ कोटी उत्तरांवर ती आजमावली. अंदाजाने ओळखण्यापेक्षा ही पद्धत भक्कम आहे, कारण तिथे शोधायची खूण खरोखर पेरलेली असते. मात्र छोट्या उत्तरांत ती सापडत नाही, एकच बरोबर उत्तर असलेल्या प्रश्नात पेरायला जागा नसते, आणि इंग्रजीत तयार केलेला मजकूर मराठीत आणला की ती पुसट होते. शिवाय ज्या कंपनीने खूण पेरलेलीच नाही, तिचा मजकूर ओळखण्याचा प्रश्न तसाच राहतो.

काही शिक्षक याहून सोपा मार्ग धरतात आणि चॅटजीपीटीलाच विचारतात की हे तू लिहिलेस का? २०२३ च्या मे महिन्यात टेक्सासमधील एका विद्यापीठातल्या शिक्षकाने असे विचारले, चॅटजीपीटीने ‘हो’ म्हटले, आणि वर्गातल्या विद्यार्थ्यांचे निकाल अडकले. चॅटजीपीटीकडे त्याने कोणाला काय लिहून दिले याची चाळता येईल अशी नोंदवही नसते. प्रश्नाला शोभेल असे उत्तर ते तयार करते, आणि ते उत्तर ‘हो’ असू शकते.

मग डोळ्यांनी ओळखता येईल का? ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठात संशोधकांनी ३३ बनावट विद्यार्थ्यांच्या नावाने मानसशास्त्राच्या परीक्षेत पूर्णपणे एआयने लिहिलेली उत्तरे दिली आणि परीक्षकांना काही सांगितले नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार त्यांतली ९४ टक्के उत्तरे कोणाच्याही नजरेत आली नाहीत, आणि त्यांना मिळालेले गुण सरासरीने खऱ्या विद्यार्थ्यांपेक्षा जास्त होते. म्हणजे शिक्षकांची चिंता खोटी नाही. नक्कल होते, पुष्कळ होते, आणि ती नुसत्या वाचनाने कळत नाही.

आपल्या देशात हा प्रश्न न्यायालयातही गेला आहे. हरियाणातील एका खासगी विद्यापीठाने एलएल.एम.च्या विद्यार्थ्याला २०२४ मध्ये उत्तरपत्रिका ८८ टक्के एआयने तयार केल्याचे सांगून अनुत्तीर्ण ठरवले. त्याने पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयात धाव घेतली. सुनावणीपर्यंत विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण केल्याचे न्यायालयाला कळवले आणि याचिका निकाली निघाली, त्यामुळे अशा आकड्याला पुरावा म्हणून किती वजन द्यायचे हा मूळ प्रश्न तिथे सुटला नाही.

तोपर्यंत विभागप्रमुखांनी आणि मार्गदर्शकांनी करण्यासारखे पुष्कळ आहे, आणि त्यातले बहुतेक जुनेच आहे. तोंडी परीक्षा ही पाच मिनिटांची औपचारिकता न ठेवता पंधरा मिनिटे खरोखर घेतली, तर टॉवेल उद्योगावर लिहिणाऱ्याला जॉबर म्हणजे कोण हे सांगता येते की नाही, हे लगेच कळते. अहवाल एकदम अखेरीस न घेता आराखडा, प्रश्नावली, पहिला मसुदा असे टप्प्याटप्प्याने घेतले, तर लेखन वाढताना दिसते. भरून घेतलेल्या प्रश्नावल्यांचे मूळ कागद मागावेत. ज्याने यंत्रमाग कारखान्यांत फिरून त्या भरून घेतल्या, त्याच्याकडे ते मळलेल्या अवस्थेत असतात. सॉफ्टवेअरचा आकडा मोठा आला, तर तेवढ्यावर निर्णय न देता या चौकशीला सुरुवात करण्यापुरताच त्याचा उपयोग करावा.

विद्यार्थ्यांनी गूगल डॉक्समध्ये लिहावे. त्यात बदलांचा इतिहास वेळेसह साठतो आणि मागे जाऊन दाखवता येतो. वर्डमध्ये लिहीत असाल तर दर आठवड्याची फाइल वेगळ्या नावाने ठेवा, आणि हाताने लिहिलेले मसुदे रद्दीत देऊ नका. ज्या संकेतस्थळावर कोणीही फाइल चढवू शकतो, तिथे अप्रकाशित प्रबंध देण्यापूर्वी दोनदा विचार करा, कारण तो पुढे कुठे जातो यावर तुमचे नियंत्रण राहत नाही.

आणि समितीपुढे उभे राहायची वेळ आलीच, तर हे प्रश्न लेखी विचारा: तपासणी कोणत्या साधनाने आणि कोणत्या तारखेला केली, त्या दिवशी साधनाची कोणती आवृत्ती होती, आकडा मजकुराच्या भागाचा आहे की शक्यतेचा, माझ्या भाषेतल्या आणि माझ्यासारख्या विद्यार्थ्यांच्या लेखनावर या साधनाची चूक किती टक्के मोजली गेली आहे, आणि अहवालात रंगवलेल्या वाक्यांखेरीज माझ्याविरुद्ध दुसरे काय आहे.